नदीशी थांबणारी गाडी

आगगाडीचं वेड असलेली दोन माणसं एका खोलीत बसली की किस्से मुद्दाम घडवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. अबू धाबीत खिडकीच्या फटीतून वाळू येते ना, तसे. आज पुसून काढा, उद्या पुन्हा आहेतच. आमच्याकडे तर दोन नाही, चार माणसं होती, आणि तीही अशा देशात जिथे तेव्हा औषधालाही रूळ नव्हता.

काळ नव्वदच्या दशकातला. शुक्रवारची सुट्टी, आणि मुक्काम ग्रॅहमची मजलिस. ग्रॅहम इंग्रज, बापटांच्या ऑफिसात सर्व्हेअर. एकटा राहायचा, पण कंपनीने त्याला खालिदिया भागात आख्खा व्हिला दिला होता. व्हिलाला दर्शनी भागात मजलिस, म्हणजे पाहुण्यांची मोठी बैठक. ग्रॅहमकडे पाहुणे येत नसत, म्हणून त्याने तिथे टेबलं मांडून त्यावर छोट्या आगगाडीचे रूळ टाकले होते.

बापट म्हणजे विनायक बापट, आमच्याच बिल्डिंगमधले. मोजकं बोलणारे, सिव्हिल इंजिनियर. साळवी चिपळूणकडचे, शहराबाहेर मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये फोरमन. त्यांना कशाचंही अप्रूप वाटायचं आणि ते आवाजात ऐकू यायचं.

आणि चौथी मी. एका कन्सल्टन्सीत ड्राफ्ट्समन. बाई असूनही व्हिसावर हुद्दा ड्राफ्ट्समनच होता. शुक्रवारी नवरा दुपारपर्यंत झोपायचा, मुलगी कार्टून बघायची, आणि मी ग्रॅहमकडे जाऊन इवल्या स्टेशनांचे प्लॅन काढायची. यात कुणाला वावगं वाटलं असेल तर त्यांनी ते मला सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

*

सुरुवात झाली ती रेल्वे निवडण्यावरून.

ग्रॅहमला जुनं मॉडेल मोडून नवं करायचं होतं. या छंदाची रीत अशी की आपली एक खरीखुरी रेल्वे ठरवायची आणि तिची हुबेहूब नक्कल करायची. त्याने इंग्लंडहून आलेली चकचकीत मासिकं टेबलावर मांडली. एकेक इंजिन असं चमकत होतं की त्यात तोंड बघून भांग पाडावा.

साळवींना कोकण रेल्वे हवी होती. "ताई, आमच्या गावच्या मागे टनेल पाडतायत. माझा भाऊ रोज बघायला जातो. सुरुंग लागला की घरातली भांडी पडतात, तरी आई खूश!"

"म्हणजे ती अजून पूर्ण नाही," ग्रॅहम म्हणाला. "जी रेल्वे पूर्ण झाली नाही तिचं मॉडेल कसं करणार?"

तेव्हा कोपऱ्यातून बापट म्हणाले, "पूर्ण न झालेली चालत असेल तर माझ्याकडे एक आहे."

सोनारी ते आंबेवाडी. एका खाजगी कंपनीची अरुंद रुळांची लाइन. मधे नदी. कंपनीने पूल बांधायला घेतला, दगडी खांब उभे केले आणि पैसे संपले. मग गाडी नदीपर्यंत यायची आणि थांबायची. लोक गाठोडी, कोंबड्या, पोरं घेऊन उतरायचे, वाळूतून चालत पलीकडे जायचे. पलीकडे दुसरी गाडी उभी असायची, तिच्यात बसायचे. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की सगळंच बंद.

ग्रॅहमने बराच विचार केला. "मला एक सांगा, ही एक रेल्वे आहे की दोन?"

"कंपनीच्या मते एक," बापट म्हणाले. "गार्डच्या मते दोन."

"गार्डला कुणी विचारलं?"

"मी. माझे वडील होते गार्ड."

मग त्यांनी जे सांगितलं ते एका दमात सांगितलं. नदी आली की अण्णा लाल झेंडी दाखवून गाडी थांबवायचे, सगळ्यांना उतरवायचे आणि सगळ्यांच्या मागून चालायचे. शेवटचा माणूस पलीकडच्या डब्यात चढल्याशिवाय हिरवी झेंडी नाही. लग्नकार्यात लोक त्यांची ओळख 'पायी रेल्वेचे गार्ड' अशी करून द्यायचे आणि हसायचे. दरवर्षी कंपनी म्हणायची, पूल पुढच्या वर्षी. अण्णा ते खरं मानायचे, लोकांना छातीठोकपणे सांगायचे. पूल झाला नाही, लाइनच बंद पडली. अण्णा साखर कारखान्यात टाइमकीपर झाले आणि पुन्हा कधी त्यांनी सोनारीचं नाव काढलं नाही.

"पुढच्या हिवाळ्यात अण्णा इकडे येतायत," बापट म्हणाले. "त्यांना एकदा आपली गाडी पुलावरून जाताना दाखवायची आहे. बाकी मला काही नको."

मग साळवींनी मांडीवर थाप मारली. "अशी फसलेली रेल्वे जगात कुणाच्या घरात नसेल. हीच करू!"

ग्रॅहमने मासिकं गोळा करून कपाटात ठेवली.

*

माहिती मिळवायची तर ती अण्णांकडेच, आणि अण्णांना तर कळू द्यायचं नाही. बापट दर शुक्रवारी भारतात फोन लावायचे. फोन महाग, म्हणून प्रश्न आधी पाठ करून ठेवायचे.

"अण्णा, डब्यांचा रंग कुठला होता हो?"

"कसल्या डब्यांचा?"

"सोनारी लाइनच्या."

पलीकडे शांतता. इकडे मीटर पळतोय.

"धुळीचा," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी बापटांनी विचारलं, नदीच्या अलीकडे चिंच होती की लिंब? अण्णा म्हणाले, "विनायका, तुझी नोकरी ठीक आहे ना?" त्याच्या पुढच्या शुक्रवारी विचारलं, गार्डच्या डब्याला पायऱ्या किती? तेव्हा अण्णांनी फोन सुनेला द्यायला सांगितला. शुभदाने घेतला. शुभदाचा या सगळ्या प्रकारावर आधीच राग होता, कारण शुक्रवारची भाजी आणायला त्यामुळे तिलाच जावं लागायचं.

अण्णा तिला हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, त्याला उन्हात फिरू देऊ नकोस. डोक्यावर परिणाम होतो."

"अण्णा," शुभदा म्हणाली, "हे एसीत बसूनच असे झालेत."

*

त्या वर्षी सुट्टीवर मी नगरला माहेरी गेले. तिथून सोनारी फार लांब नव्हती. भावाला स्कूटर काढायला लावली आणि गेलो. रूळ केव्हाच उखडले होते. पण नदीच्या पात्रात ते दगडी खांब अजून उभे होते, एकेका खांबावर एकेक बगळा. मी फोटो काढले, मापं घेतली आणि मग पिशवी काढून नदीतली वाळू भरायला लागले. भाऊ दूर स्कूटरजवळ जाऊन उभा राहिला. म्हणाला, "कुणी आलं तर मी तुला ओळखत नाही."

अबू धाबीच्या विमानतळावर कस्टम्सच्या तरुण पोऱ्याने बॅग उघडायला सांगितली. लोणचं, भाजणी, काळा मसाला, आणि खाली उशीच्या अभ्र्यात बांधलेलं जड गाठोडं.

"ये क्या है?"

"रेती," मी म्हटलं.

त्याने गाठ सोडली. चिमूट घेतली, वास घेतला. मग त्याच्या साहेबाला बोलावलं. साहेब वयस्कर, अंगात शुभ्र पायघोळ कंदुरा, हातात जपाची माळ. त्याने वाळूकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग काचेच्या दाराबाहेर पाहिलं, जिथे क्षितिजापर्यंत त्याचा आख्खा देश पसरला होता.

"मॅडम," तो म्हणाला, "इदर कम पड गया?"

मी त्याला सगळं सांगायला लागले. नदी, पूल, अण्णा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "ट्रेन? किदर है ट्रेन?"

"खालिदिया में."

माळेचे मणी जागच्या जागी थांबले. "खलास," तो म्हणाला, "जाओ, सिस्टर." वाळूचं गाठोडं त्याने स्वतःच्या हाताने नीट बांधून दिलं. लोणच्याची बरणी मात्र उघडायला लावली. ती त्याला संशयास्पद वाटत होती.

*

मग प्रश्न आला उतारूंचा.

ग्रॅहमने त्याच्याकडच्या छोट्या माणसांचा खोका आणला. बोटाच्या दोन पेरांएवढी माणसं, पण सगळी साहेब! हॅट, ओव्हरकोट, छत्री. सोनारी लाइनवर ही मंडळी बसवायची म्हणजे वऱ्हाड चुकीच्या मांडवात शिरल्यासारखं झालं असतं. मी कानस घेतली आणि कामाला लागले. हॅट घासून त्याजागी टिश्यूपेपरचा फेटा. ओव्हरकोटावर पांढऱ्या रंगाचा सदरा. ग्रॅहम बाजूला उभा राहून हळहळत होता.

"हा माझ्या जुन्या मॉडेलमधला बँक मॅनेजर आहे," तो म्हणाला.

"होता," मी म्हटलं.

सगळ्यात त्रास दिला एका जाड्या मडमेने. तिच्या पर्सचं मी गाठोडं केलं, डोक्यावरून पांढरं लुगडं घेतलं, पण हातातली मिटलेली छत्री काही सुटेना. झग्यात मिसळूनच ओतलेली होती. कापली असती तर हात तुटला असता. शेवटी तशीच ठेवली. नेसूचं पांढरं लुगडं आणि हातात काळी छत्री.

"आपल्याकडे अशी म्हातारी असते का?" बापटांनी शंका काढली.

"आता आहे," मी म्हटलं.

माझी मुलगी एकदा बघायला आली होती. तिने सगळं निरखून पाहिलं. मी विचारलं, "कशी झालीत माणसं?"

"Nice," ती म्हणाली. "But why are all the farmers wearing office shoes?"

बूट घासायचे राहिलेच होते. ते अजून तसेच आहेत.

माणसं डब्यात डिंकाने चिकटवून टाकली. उन्हाळ्यात ग्रॅहम इंग्लंडला गेला आणि जाताना बचत म्हणून मजलिसचा एसी बंद करून गेला. आता अबू धाबीचा ऑगस्ट आणि बंद खोली! तो परत आल्यावर आम्ही दार उघडलं तर डिंक पघळलेला, आणि डब्यातले उतारू एकमेकांच्या अंगावर आडवे झालेले. कुणाचं डोकं कुणाच्या मांडीवर, कुणी खिडकीतून अर्धा बाहेर. बापट डोक्याला हात लावून बसले.

साळवींनी मात्र वाकून कौतुकाने पाहिलं. "काही चुकलेलं नाही, साहेब. संध्याकाळी आमच्या कंपनीच्या बसमध्ये बघा, सेम टू सेम."

त्यानंतर माणसं चिकटवणं आम्ही सोडून दिलं. डब्यांची छपरं टोपणासारखी निघायची. छपरं काढायची, माणसं नुसती बसवायची, छपरं लावायची.

*

पूल साळवींकडे होता. मी मापं घेऊन ड्रॉइंग काढून दिलं होतं, पातळ पत्र्याचा करा म्हटलं होतं. साळवींनी मान डोलावली आणि महिनाभर काही बोलले नाहीत. मग एका शुक्रवारी कंपनीचा पिकअप व्हिलाच्या दाराशी लागला. साळवी आणि वर्कशॉपचे दोघं जण मिळून काहीतरी उतरवत होते.

तो पूल होता. स्टीलचा. वेल्डिंग केलेला, घासलेला, वर लाल प्रायमर मारलेला.

"भंगारातलं मटेरियल आहे," साळवी म्हणाले. "सुपरवायझरने विचारलं, कुठल्या क्लायंटचा जॉब? मी म्हटलं, रेल्वेचा. त्याने क्वालिटीवाल्याला बोलावून वेल्डिंग टेस्ट करून घेतली!"

पूल टेबलावर ठेवला. टेबल कुरकुरलं. साळवींनी तो पुन्हा खाली जमिनीवर घेतला, चपला काढल्या आणि त्याच्यावर उभे राहिले. "बघा. हलतो का?"

पूल नाही हलला. हलला तो ग्रॅहम.

पुलाचं बोलणं त्याने तोवर मनावर घेतलंच नव्हतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. जी गोष्ट नव्हती ती मॉडेलमध्ये असू शकत नाही. झाड कुठलं होतं यासाठी आपण वर्षभर फोन केले, वाळूसुद्धा तिथली आणली, आणि आता नसलेला पूल मधोमध ठेवायचा? "मग ही सोनारी लाइन नाही. हे खेळणं आहे."

बापट म्हणाले, "पूल नसेल तर मला हे काहीच नको आहे."

दोघांचाही आवाज चढला नाही, आणि म्हणूनच मला भीती वाटली. त्या दिवशी चहा झाला नाही. पुढचे काही शुक्रवार कुणी कुणाला फोन केला नाही. बापट ऑफिसात ग्रॅहमशी फक्त कामाचं बोलत. अण्णांचा व्हिसा निघाला होता, तिकीट झालं होतं, आणि रेल्वे कुलूपबंद मजलिसमध्ये पडून. मला तर रडूच यायचं. एवढी वाळू मी कुणासाठी आणली होती?

शेवटी साळवी मुसफ्फाहून बस बदलत बदलत भर दुपारी ग्रॅहमच्या दारात जाऊन उभे राहिले. इंग्रजी त्यांचं कामापुरतं. पण त्यांनी ग्रॅहमला जे सांगितलं ते ग्रॅहमनेच मला नंतर ऐकवलं. साळवी म्हणाले होते, "सर, कंपनी नो ब्रिज. ओके. ओल्ड मॅन वेटिंग. यू आल्सो नो ब्रिज, देन व्हॉट डिफरन्स, कंपनी अँड यू?"

ग्रॅहमने किल्ली काढून दिली. अट एकच घातली, पूल बोल्टवर बसवायचा, म्हणजे अण्णा गेल्यावर काढता येईल.

"इन्शाल्ला," साळवी म्हणाले. बोल्ट त्यांनी असे आवळले की ते पुढे कधी कुणाला सुटले नाहीत.

*

अण्णा आले. उंच, सडसडीत, काळा कोट, धुतलेलं धोतर आणि पायात नवे कॅनव्हासचे बूट. विमानतळावरून येताना गाडीत त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"स्टेशन कुठल्या बाजूला आहे?"

"इथे रेल्वे नाही, अण्णा," बापट म्हणाले.

अण्णांनी रुंद रस्ते पाहिले, दिव्यांच्या रांगा पाहिल्या. "पैसे संपले असतील," ते म्हणाले.

नंतरचे काही दिवस बापटांची अवस्था बघवत नव्हती. शुक्रवार जवळ यायला लागला तसा त्यांचा धीर सुटत गेला. "वहिनी," मला जिन्यात गाठून म्हणाले, "लाइन बंद झाली त्या दिवशी अण्णांनी झेंड्या घडी करून ट्रंकेत ठेवल्या. पुन्हा कधी त्या वाटेने गेले नाहीत. वळसा घालून दुसऱ्या रस्त्याने जायचे. आणि आपण त्यांना खोलीत नेऊन तेच सगळं समोर मांडणार. रागावले तर?"

"रागावले तर मी म्हणेन खेळणं आहे," मी म्हटलं.

*

शुक्रवारी सकाळी शुभदा, अण्णा, बापट आणि मी ग्रॅहमच्या मजलिसमध्ये शिरलो. साळवी आधीच इस्त्रीचा शर्ट घालून हजर होते. त्यांनी वर्कशॉपमधून क्रेनला खुणा करायच्या झेंड्या आणल्या होत्या, एक लाल, एक हिरवी, आपल्या टेबलाच्या मानाने सतरंजीएवढ्या.

अण्णा टेबलाजवळ गेले. हात पाठीमागे बांधून सोनारीपासून चालायला लागले. शेड, पाण्याची टाकी, चिंच. नदीपाशी आले आणि थांबले. वाकून वाळूची चिमूट घेतली, बोटांत चोळली आणि वर बघितलं.

"ही इथली नाही."

"नाही, अण्णा," मी म्हटलं, आणि कस्टम्सच्या साहेबाची सगळी गोष्ट सांगितली. 'इदर कम पड गया'ला अण्णा हसले. चांगले खांदे हलवून हसले. बापटांनी तेवढ्यात डोळे पुसून घेतले, मी पाहिलं.

मग अण्णांची नजर पुलावर गेली. ते हसायचे थांबले.

"सोड गाडी, विनायका," ते म्हणाले.

बापटांनी बटण फिरवलं. भरलेली गाडी सोनारीहून सुटली. फेटेवाले, गाठोडीवाले, सगळे ऐटीत बसलेले. चिंचेखालून आली, वळणावर झुकली, पुलाच्या तोंडाशी पोचली. आणि अण्णांनी साळवींच्या हातातून ती भलीमोठी लाल झेंडी ओढून घेतली आणि आडवी धरली.

बापटांनी घाबरून गाडी थांबवली.

"पूल पास झालाय?" अण्णांनी विचारलं.

साळवी पुढे झाले. "अण्णा, मी स्वतः उभा राहून पाहिलंय त्याच्यावर."

"तुम्ही इन्स्पेक्टर?"

"नाही... फोरमन."

"मग उतारू न्यायचे नाहीत. नव्या पुलावर पहिली गाडी रिकामी जाते." आणि त्यांनी डब्यांची छपरं उघडली. एकेक माणूस दोन बोटांनी अलगद उचलून नदीकाठच्या वाळूत उभं करायला लागले. बापटांचा चेहरा पडला. एवढी वर्षं त्यांनी मनाशी भरलेली गाडी पुलावर पाहिली होती.

डबे रिकामे झाले. अण्णांनी हिरवी झेंडी उचलली.

गाडी पुलावर चढली. खडखड असा वेगळाच आवाज यायला लागला, दगडी खांबांच्या वरून, लाल स्टीलवरून. अण्णा वाकून, तोंड पुलाच्या पातळीला आणून बघत होते. शेवटचा डबा पलीकडे उतरला तेव्हा ते सरळ झाले.

"गेली," म्हणाले. इतक्या हळू की शेजारी उभी होते म्हणून मला ऐकू आलं.

बापट म्हणाले, "अण्णा, आता झाला की पास. माणसं बसवून पुन्हा नेऊ?"

"गाडी गेली ना?" अण्णा म्हणाले. "माणसं मी आणतो."

आणि ते काळ्या कोटाच्या बाह्या सारून टेबलावर ओणवे झाले. एकेकाला त्या वाळूतून थोडं थोडं पुढे ठेवत पलीकडे न्यायला लागले. पाणी कुठे असायचं, कुठे पाय रुतायचा, तिथून वळसा घालून. साळवी आधी बघत राहिले, मग तेही दोघा फेटेवाल्यांना घेऊन निघाले. शुभदा, जी कधी या टेबलाजवळ फिरकली नव्हती, तिने पोरवाली बाई उचलली. ग्रॅहम बराच वेळ दाढी खाजवत उभा होता. मग त्याने वाकून त्याच्या बँक मॅनेजरला हातात घेतलं आणि अण्णांच्या पाठोपाठ वाळूत उतरवलं. बापट बटणापाशी एकटे, डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि तोंडभर हसू.

एकेक जण पलीकडच्या डब्यात चढला. सगळ्यात शेवटी राहिली माझी ती मडमेची म्हातारी, पांढरं लुगडं आणि काळी छत्री. अण्णांनी तिला उचललं, आणि डोळ्यांजवळ नेऊन बघतच राहिले.

"हिच्या छत्रीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

अण्णांनी तिला नदीच्या बरोब्बर मध्यावर आणून वाळूत ठेवलं आणि हात काढून घेतला.

"ही भागाबाई," ते म्हणाले. "ही इथवर आली की दम खाते. गाडीला थांब म्हणावं."

गाडी थांबलेलीच होती. तरी ग्रॅहम भिंतीपाशी गेला आणि त्याने मेन स्विच बंद केलं.